छाटणीच्या काड्या महिनाभर टिकवताना

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीत निघालेल्या द्राक्षाच्या चांगल्या काड्या रोपांसाठी ठेवतो. रोपांच्या पिशव्या मातीने भरून होईपर्यंत महिना जातो. गेल्या वर्षी ओल्या गोणपाटात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. निम्म्या काळ्या पडल्या, काहींना आतच कोंब आले. काय चुकलं? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : गोणपाट फार ओलं होतं. काडी तोडली तरी तिचा श्वास चालूच असतो. सालीवर पाणी साचलं की हवा मिळत नाही आणि बुरशीचं फावतं. कोंब आले, म्हणजे फ्रिज पुरेसा थंड नव्हता. कोंब काडीतलंच अन्न खातो, मुळांना काही उरत नाही.

काडी पेन्सिलीएवढी जाड, पूर्ण तपकिरी, चार डोळ्यांची (डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा) घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा डोळ्यापासून दोन सेंटिमीटरवर तिरका. महिन्यानंतर कोणतं टोक मातीत जायचं, ते यावरूनच कळतं. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून त्यात 10 मिनिटं बुडवा (हातमोजे घालून), सावलीत साल सुकू द्या. मग वरच्या कापाला मेण लावा.

25 काड्यांची जुडी बांधा. वर्तमानपत्र भिजवून घट्ट पिळा. मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. त्यात जुडी गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर फ्रिजची कोरडी हवा काड्या सुकवते. जातीची चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. तापमान 2 ते 4 अंश हवं. बटणावर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवा. औषध लावलेल्या काड्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये नकोतच. शिवाय पिकत्या फळांच्या वायूने डोळे मरतात. आठवड्याने पिशवी उघडा, आत थेंब दिसले तर कागद बदला.

आपल्याकडे वेल थंड देशांतल्यासारखा गाढ झोपत नाही, तेव्हा चार आठवड्यांच्या पुढे भरवसा धरू नका.

लावणीआधी काड्या रात्रभर पाण्यात ठेवा. एक-दोन डोळे ब्लेडने आडवे कापून बघा. मधला ठिपका हिरवा हवा. साल हिरवी असूनही ठिपका तपकिरी निघाला, तर तो डोळा मेलेला.

प्रश्न : शेवग्याची फांदीही अशीच ठेवता येईल का?

उत्तर : नाही. तिचं लाकूड मऊ, पाण्याने भरलेलं, फ्रिजमध्ये सडतं. मनगटाएवढी जाड, तीन फुटांची फांदी दोन-तीन दिवस सावलीत उभी ठेवा, काप सुकला की लावून टाका.