लोहाराने दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न : पहिल्या महायुद्धात ब्रिटनने लष्करभरती सक्तीची केली, तेव्हा खेड्यातल्या लोहारासारख्या कारागिराला त्याविरुद्ध दाद मागता येत होती का? – एक वाचक, सातारा

उत्तर : येत होती. जानेवारी १९१६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने आधी १८ ते ४१ वर्षे वयाच्या अविवाहितांना आणि काही महिन्यांतच दुसऱ्या कायद्याने विवाहितांनाही लष्करात जाणे बंधनकारक केले. आयर्लंड मात्र त्यातून वगळले होते. सवलत हवी असणाऱ्याने स्थानिक न्यायाधिकरणाकडे लेखी अर्ज करायचा, तो फेटाळला गेला तर जिल्ह्याच्या अपील न्यायाधिकरणाकडे जायचे आणि तिथून परवानगी मिळालीच तर लंडनच्या केंद्रीय न्यायाधिकरणाकडे, अशी ही वाट होती.

सदसद्विवेकबुद्धीला युद्ध पटत नाही, म्हणून सवलत मागणाऱ्यांचीच चर्चा पुढे फार झाली. पण बहुसंख्य अर्ज धंद्याच्या आणि घरच्या अडचणींचे होते. लोहाराची बाजू त्यातल्या त्यात भक्कम असे, कारण त्याच्या भात्यावर आसपासची शेती चालत असे. नांगराचे फाळ शेवटून (टोक काढून) देणे, गाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवणे आणि दर दीड-दोन महिन्यांनी घोड्यांचे नाल बदलणे ही कामे थांबली, तर पेरणीच अडे, आणि धान्य तर सरकारलाही हवे होते. निवाडा करायला बसलेल्यांत स्थानिक शेतकरी आणि व्यापारीही असत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घोड्याला याच लोहाराने नाल मारलेले असणे सहज शक्य होते.

पण तिथे लष्कराचा प्रतिनिधीही बसे, उलटतपासणी घेई आणि दिलेल्या सवलतीविरुद्ध स्वतः अपीलही करू शके. लष्कराकडेही लाखो घोडे होते आणि त्यांना नालबंद हवेच होते, म्हणजे ज्या कसबाच्या आधारावर लोहार घरी राहू पाहत होता, तेच कसब लष्करालाही हवे होते. त्यामुळे पुष्कळदा कायमच्या मुक्ततेऐवजी काही महिन्यांची मुदत मिळे आणि ती संपत आली की पुन्हा अर्ज करावा लागे. भट्टी चालू, पण शिकाऊ मुलगा ठेवावा की नाही, हेही ठरवता येऊ नये, अशी ही टांगती अवस्था मला नकारापेक्षाही जाचक वाटते.

युद्धानंतर यातली बहुतेक कागदपत्रे सरकारी आदेशाने नष्ट करण्यात आली. इंग्लंडमधील मिडलसेक्स आणि स्कॉटलंडमधील लोदियन-पीबल्स येथील संच तेवढे नमुन्यादाखल ठेवले गेले. इतर ठिकाणच्या लोहाराचा शोध घ्यायचा, तर त्या काळची स्थानिक वृत्तपत्रे चाळावी लागतात, आणि त्यांतही पुष्कळदा नाव न देता केवळ धंदा आणि वय छापलेले असते.