पाचट ब्रिकेटला द्यावं की सरीत ठेवावं?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. ब्रिकेटबद्दल, म्हणजे उसाचं पाचट (वाळलेला पाला), टरफलं असा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांडीबद्दल, जिला आपल्याकडे पांढरा कोळसा म्हणतात, वाई, वाळवा आणि कराड तालुक्यांतून आलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं इथे देत आहे.

वाईचे हळद उत्पादक विचारतात: हळद शिजवायला दरवर्षी लाकूड विकत घेतो. ब्रिकेट महाग वाटते. परवडेल का?

किलोचा भाव बघून ठरवू नका, उष्णता किती मिळते ते बघा. नुकत्याच तोडलेल्या बाभळीत किंवा आंब्याच्या फांद्यांत वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे १०० किलो लाकडात ४० किलो पाणी तुम्ही लाकडाच्या भावानं घेता, आणि जाळाची बरीच शक्ती ते पाणी उडवण्यात जाते. अशा ओल्या लाकडातून किलोमागे २,००० ते २,४०० किलोकॅलरी मिळतात. चांगल्या ब्रिकेटमध्ये ओलावा ८ ते १० टक्के असतो, त्यामुळे तिच्यातून ३,५०० ते ४,२०० किलोकॅलरी मिळतात. ब्रिकेटचा भाव ओल्या लाकडाच्या दीडपट असला तरी ती सहसा स्वस्तच पडते. वर्षभर सावलीत वाळवलेलं घरचं लाकूड असेल तर मात्र फारसा फरक पडणार नाही. ते आधी वापरा.

दुसरा फायदा जाळ घालणाऱ्याला विचारा. कोरड्या, एकसारख्या कांडीचा धूर कमी होतो आणि आच स्थिर राहते. वाफेच्या कुकरवर आच स्थिर असली की प्रत्येक घाणा सारखा शिजतो. हळकुंड अर्धवट राहिलं किंवा जास्त शिजलं तर बाजारात भाव मार खातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. फक्त भट्टीत खाली जाळी हवी आणि तिच्याखालून हवा खेळायला हवी. लाकडासारखी ठासून भरली तर ब्रिकेटसुद्धा धुमसतेच.

घेताना एक किलो जाळून राख तोला. भुईमुगाच्या शेंगेच्या टरफलाच्या ब्रिकेटची राख साधारण ३० ते ५० ग्रॅम निघते, पाचटाची १०० ग्रॅमपर्यंत. १५० च्या वर गेली तर मालात माती आहे. भाताच्या तुसाची राख मुळातच जास्त असते, तो माल वेगळा धरा. साठवण फळ्यांवर आणि छपराखाली करा. पाणी लागलं की कांडी फुगून भुगा होते.

वाळव्याचे शेतकरी विचारतात: सहा एकर ऊस तुटला, खोडवा (त्याच खोडापासून पुन्हा येणारं उसाचं पीक) ठेवायचा आहे. एक जण पाचट उचलून न्यायला तयार आहे, वर थोडे पैसेही देतो. द्यावं का?

खोडवा ठेवणार असाल तर देऊ नका. मी ब्रिकेटच्या बाजूचा माणूस आहे, तरीही हेच सांगेन.

एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. साडेतीन टन धरू. पाचटात ०.५ टक्क्याच्या आसपास नत्र, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे एकरामागे २५ ते ३५ किलो पालाश, जवळपास एक पोतं म्युरेट ऑफ पोटॅश, आणि हजार किलोच्या वर कर्ब ट्रॉलीत भरून निघून जातो. वाळव्याच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं पाणी आणि युरिया ओतून कर्ब आधीच उतरलाय, जमिनी चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट, होताहेत. तिथे मिळणारे चार पैसे त्याची भरपाई करत नाहीत.

पाचट एकाआड एक सरीत दाबा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, मग पाणी द्या. पाणीही कमी लागतं, तणही दबतं.

मग ब्रिकेटला काय द्यायचं? शेवटचा खोडवा मोडून लगेच दुसरं पीक घ्यायचंय आणि कुजायला वेळ नाही, अशा रानातलं पाचट. शेंगा फोडल्यावरची टरफलं; वाळलेल्या १०० किलो शेंगांमागे ती २५ ते ३० किलो निघतात. जत भागातल्या तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. आणि तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांतल्या एप्रिल-ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या, ज्या रोगराईच्या भीतीनं बांधावर पेटवल्या जातात. त्या बागेत ठेवू नका म्हणून आम्हीच सांगतो. तेव्हा यंत्रात गेल्या तर सगळ्यांचंच भलं.

आणि पाचट पेटवू मात्र नका. नत्र आणि कर्ब हवेत जातात, जिवाणू भाजतात, शेजाऱ्याचा उभा ऊस धोक्यात येतो.

कराडचा महिला बचत गट विचारतो: आम्ही ब्रिकेटचं यंत्र घ्यावं का?

ताईंनो, आधी कच्च्या मालाचा हिशोब करा. ताशी अर्धा टन देणारं यंत्र रोज आठ तास, वर्षात ३०० दिवस चालवायचं तर १,२०० टन माल लागतो. फक्त पाचटावर भागवायचं तर सुमारे साडेतीनशे एकराचं पाचट झालं. ऊसतोड हिवाळा-उन्हाळ्यात आणि यंत्र वर्षभर, म्हणजे साठवण आलीच. सुट्या पाचटाचा एक टन जवळपास १० घनमीटर जागा खातो. दाबून ब्रिकेट केली की तेवढंच वजन दीड-दोन घनमीटरात बसतं. वाहतूक परवडते ती याचमुळे.

माल १० ते १२ टक्के ओलाव्यावर आलेला हवा. मगच दाबानं आणि उष्णतेनं त्यातलं लिग्निन (काडीतला नैसर्गिक बांधणारा घटक) मऊ होऊन कांडी घट्ट बसते, वेगळा डिंक लागत नाही. माल फारच ओला आहे का, हे बघायला घरगुती खूण अशी: कोरड्या काचेच्या बरणीत बारीक केलेलं पाचट आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर माल अजून ओला आहे.

माझं मत असं, की पहिला हंगाम यंत्र घेऊच नका. गोळा करणं, वाळवणं, कुट्टी करणं एवढंच काम घ्या आणि चालू कारखान्याला माल पुरवा, लेखी भाव ठरवून. मार्चअखेर वहीत दिसेल की गावातून खरोखर किती टन निघाला. त्यानंतर यंत्र घ्यायचं ठरलं तर अनुदानाचं बघू. केंद्रानं २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात ब्रिकेट प्रकल्पाला ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख, कमाल ४५ लाख रुपये साहाय्य होतं. निकष बदलत असतात, म्हणून बँकेत जाण्याआधी चालू निकष तपासून घ्या, आणि ती वही सोबत ठेवा.