चोरी एकाची आणि झडती, पगारकपात सगळ्यांची, हे योग्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की गोडाऊनमधून मोबाईलचे बॉक्स गेले, चोर सापडला नाही, म्हणून आता सुटताना सगळ्यांची झडती आणि वर या महिन्यात प्रत्येकाचे 500 रुपये कापणार. मी भिवंडीत वेअरहाऊसलाच आहे, आधी पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढायला होतो, आता डॉक, म्हणजे गाड्यांचा माल चढतो-उतरतो ती जागा बघतो. माझ्या मते झडती चालेल पण अटींवर, कपात अजिबात नाही. दोन्ही गोष्टी एकाच नोटिशीत आल्या म्हणून एकच समजू नका.

किमती माल असेल तिथे गेटवर चेकिंग असणारच, त्यात अपमान वाटायचं कारण नाही, पण सगळ्यांची म्हणजे खरंच सगळ्यांची पाहिजे. मी आधी जिथे होतो तिथे पिकर, पॅकर, हमाल सगळे रांगेत, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा डबासुद्धा उघडून बघायचे आणि ऑफिस स्टाफ बाजूच्या दाराने सरळ पार्किंगमध्ये. एकदा लेडीज गार्ड सुट्टीवर होती तर पुरुष गार्डने एका ताईची पर्स टेबलावर उलटी केली, सॅनिटरी पॅड सगळ्या रांगेसमोर पडले, ती खाली मान घालून गोळा करत होती आणि मागचे लोक घाई करत होते. याला सुरक्षा म्हणत नाहीत. बायकांची झडती बाईनेच आणि आडोशाला घ्यायची, यात तडजोड नको.

दुसरं म्हणजे वेळ. पंचिंग आधी आणि रांग नंतर असेल तर तो वेळ तुमच्या खिशातून जातो. अमेरिकेत ॲमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांनी यावरच केस केली होती, रोज साधारण 25 मिनिटं रांगेत जातात म्हणून, 2014 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याचे पैसे द्यायची गरज नाही म्हटलं, पण 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ॲपलच्या दुकानातल्या बॅग चेकिंगबद्दल राज्याच्या कायद्यानुसार पैसे द्यावे लागतील असं सांगितलं. मला दुसरा निकाल पटतो. मालकासाठी थांबलो तर ते कामच आहे ना? पंचिंग मशीन झडतीच्या रांगेनंतर लावा म्हणावं, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता कपात. ही सरळ सरळ चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. 1936 च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टपासून नियम आहे आणि 2019 च्या वेज कोडमध्येही तोच आहे, की जो माल तुमच्या ताब्यात दिला होता आणि तुमच्याच हलगर्जीपणामुळे गेला त्याचीच भरपाई तुमच्याकडून घेता येते, तीही नुकसानीपेक्षा जास्त नाही आणि तुमचं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाही. शंभर जणांत वाटून घ्यायची वर्गणी त्यात कुठेच बसत नाही.

आणि एक सांगतो, अख्खा बॉक्स डब्यातून जात नाही. डॉकवर गाडी लागली की घाईत न मोजता जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद मारतात, माल आधीच कमी आलेला असतो आणि महिन्याने स्टॉक काउंटला तो चोरीला गेला म्हणून दिसतो, किंवा गाडीच्या दारावरच्या सीलचा नंबर न बघता गाडी सोडतात. जे खरंच गेलं ते बऱ्याचदा मोठ्या दाराने गेलेलं असतं आणि झडती मात्र छोट्या दारावर चालते. तुमच्याकडे त्या दिवसांचं डॉकचं सीसीटीव्ही आणि सील रजिस्टर कोणी तपासलं का, हे आधी विचारा.

कपातीच्या संमतीचा कागद पुढे केला तर सही करू नका. चार-पाच जणांनी मिळून एचआरला लेखी हरकत द्या, कॉपीवर तारखेसकट पोच घ्या, एकट्याने जाऊ नका, एकट्यावरच संशय घेतात. तरीही पैसे कापले तर पगाराची स्लिप आणि ती पोच घेऊन तुमच्या भागातल्या सरकारी कामगार कार्यालयात जा, कॉन्ट्रॅक्टवर असाल तरी.