मोठा आकडा फोडायला बसतोयस तर हे वाच

अरे, आकडा फोडायचा म्हणजे मूळसंख्यांच्या गुणाकारात मांडायचा, त्याला डायरेक्ट वीस अंकी नंबर कशाला घेतोस, आधी आपल्या निपाणीचा पिनकोड घे की, ५९१२३७. पयला अंकांची बेरीज कर, २७ येते, म्हणजे ९ नं भाग जातोच, उरले ६५६९३. आता इथंच सगळे चुकतात बघ. मूळ आकड्याचं वर्गमूळ ७६८ च्या वर हाय म्हणून तिथवर मूळसंख्या तपासत बसतात, पण ९ काढल्यावर वर्गमूळ राहतं २५६ च्या आसपास, त्याच्या पुढं जायचं कामच नाही, कारण दोन अवयवांतला लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा नसतोच. मी पण सुरवातीला १०० पर्यंत बघून कंटाळलो आणि मूळसंख्याच हाय म्हणून मोकळा झालो, चहा गार झालता तो वेगळाच! नंतर १७९ ला भाग गेला, ३६७ आले. म्हणजे ३ × ३ × १७९ × ३६७.

एवढं मिळालं की बाकी फुकटात. घातांकांत (३ दोनदा आला म्हणून २, बाकीचे एकेकदा म्हणून १) एकेक मिळवून गुणायचं, ३ × २ × २, म्हणजे ज्यांनी भाग जातो त्या संख्या, विभाजक, १२. त्यांची बेरीज (१+३+९) × (१+१७९) × (१+३६७), म्हणजे १३ × १८० × ३६८ = ८६११२०, मूळ आकड्याच्या दुपटीपेक्षा कमी, अशा आकड्याला न्यून संख्या म्हणतात. कॅल्क्युलेटर वापर, लाजू नको. आता बेळगावचा ५९०००१ घे, ३ नं भाग जातोय, पुढचं तू बघ.