शटडाऊन मारला की पीसी परत उठून बसते, काय करावं?

प्रश्न: दादा नमस्कार, माझं दारव्हा तालुक्यात गावातच झेरॉक्स आन ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, पोरायचे स्कॉलरशिपचे फॉर्म असं सगळं करतो. डेस्कटॉप सात वर्षं जुना, विंडोज टेन. दिवाळीपासून याची एक नवीनच खोड सुरू झाली, शटडाऊन केलं की स्क्रीन काळी होते, मले वाटते झाला बंद, मी शटर ओढाले जातो तं मागून लोगो येऊन परत चालू! आता रोज रात्री बोर्डाचंच बटन बंद करतो. गावातला पोरगा म्हणते व्हायरस आहे फॉरमॅट मारा, तालुक्याचा दुकानदार म्हणते मदरबोर्ड गेला. खरं कोणाचं? — एक वाचक ताई, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, फॉरमॅट मारू नका आन मदरबोर्डही घेऊ नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

आज दुकान बंद करताना कूलर-पंखा सगळं बंद करा, कॅबिनेटच्या मागे कान लावा आणि मग शटडाऊन द्या. आतला पंखा पूर्ण थांबला, लाईट विझले आणि एक-दोन सेकंदांनी परत घर्र करून सुरू झाला, तर पीसी नीट बंद झाला होता, त्याला कोणीतरी उठवलं. आणि पंखा थांबलाच नाही, फिरता फिरताच लोगो आला, तर तो बंद होता होता मधेच पडला आणि विंडोजनं त्याला परत सुरू केलं. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसते, पण औषध अगदी वेगळं. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी पेशंटला हात न लावताच गोळी लिहून दिली असं मला वाटते.

कान लावायच्या आधी मात्र फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण विंडोज एटपासून, म्हणजे 2012 पासून, साधा शटडाऊन हा पूर्ण शटडाऊन नसतोच, विंडोज स्वतःचा अर्धा संसार हार्डडिस्कवर बांधून ठेवते आणि सकाळी तोच उघडते, आणि हे बांधाबांध करताना एखादा जुना ड्रायव्हर (प्रिंटर-स्कॅनरसारखं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) अडला की गडबड होते. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग डाव्या बाजूला पॉवर बटनचं सेटिंग, तिथं वरची 'करंटली अनअव्हेलेबल' वाली निळी ओळ दाबल्याशिवाय खालची फास्ट स्टार्टअपची टिक निघत नाही, लोक इथंच थकून सोडून देतात. नुसतं तपासायचं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊनवर क्लिक करा, तेवढ्या वेळेपुरता पूर्ण बंद होते. तसा बंद राहिला तर चोर सापडला.

आता समजा पंखा थांबून परत फिरला. पीसी बंद असला तरी बोर्डाचं बटन चालू आहे तोवर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) मदरबोर्डला 5 व्होल्ट देतच राहते, म्हणून तर रात्री माऊसचा लाल लाईट दिसते. जागलीवर गेलेला माणूस मचाणावर डुलकी घेते पण पाचोळा वाजला की उठते ना, तसंच. त्याला कोण उठवू शकते? लॅनची म्हणजे इंटरनेटची वायर, कीबोर्ड, माऊस आणि समोरचं बटन. फायबरच्या राउटरची वायर काढून शटडाऊन द्या, बंद राहिला तर डिव्हाइस मॅनेजरमधे लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वेक' वाली टिक काढा, आणि अॅडव्हान्स्ड टॅबमधे शटडाऊन वेक ऑन लॅन दिसत असेल तर तेही डिसेबल. नाही तर बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंग) ईआरपी नावाचं सेटिंग असेल ते एनेबल करा, समोरचं बटन सोडून बाकी सगळ्यांची जागल बंद.

बटनाचं मी हसण्यावारी नेऊ देणार नाही, कारण मी स्वतः त्यात दोन महिने फसलो. हिंगणघाटला कापसाच्या सीझनमधे माझा पीसी असाच उठून बसायचा, मी नवा एसएमपीएस टाकला, विंडोज टाकली, काही नाही. शेवटी कॅबिनेट उघडून बटनाच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डवरून उपसल्या, त्या पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून पीसी चालू केला आणि शटडाऊन दिला. बंद तो बंदच! बटन काढून पाहतो तर आत चहाचा चिकटा आणि त्यावर रुईचा थर, दाबलेलं बटन अर्धंच वर यायचं आणि जरा हादरलं की कॉन्टॅक्ट. वायफळ गेला एसएमपीएस. (पिनांना हात लावायचा असेल तर ज्याला माहीत आहे त्यालाच लावू द्या.)

पंखा थांबलाच नसेल तर धिस पीसीवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज, स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ची टिक काढा. आता तो पडला की निळी स्क्रीन तशीच थांबून राहील, फोटो काढा. बंद होताना पडणाऱ्यांत 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' लय वेळा दिसते, आणि खाली एखाद्या फाईलचं नाव आलं तर सोन्याहून पिवळं. तुमच्या दुकानात अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, स्कॅनर असं सगळं लटकलेलं असणार, ते सगळं उपसून शटडाऊन द्या आणि मग एकेक लावत जा. इव्हेंट व्ह्यूअरमधे, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 41 नंबरच्या नोंदी दिसल्या तर लगेच घाबरू नका, त्या नीट बंद न होण्याच्या नोंदी आहेत, आणि तुम्ही रोज बोर्ड बंद करता म्हणजे तिथं रांगच लागली असेल.

हो, आणि ते बोर्डाचं बटन. विंडोज चालू असताना खटकन बंद करू नका, एक दिवस हार्डडिस्क बसेल आणि फॉर्मचा डेटा जाईल. दुरुस्त होईपर्यंत असं करा, लोगो आला की डिलीट नाही तर एफ टू दाबत बायोसमधे जा आणि तिथं असताना बोर्ड बंद करा, तिथं डिस्कवर काही लिहिणं चालू नसते. लाईन आली की पीसी आपोआप चालू होत असेल तर तो वेगळा विषय, बायोसमधलंच 'एसी बॅक' नावाचं सेटिंग ऑफवर ठेवा.

विंडोज टेनचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, पैशाचं जमलं की नवीन पाहा, पण या रोगाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

प्रश्न: भाऊ, रोज सकाळी पीसीची तारीख मागं जाते आणि बँकेची साइट उघडत नाही. — ता. धारणी

उत्तर: मदरबोर्डवरचा गोल सेल गेला भाऊ, सीआर 2032, 3 व्होल्टचा, दोन प्लेट आलूबोंड्याच्या पैशात येते. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला पटत नाही, म्हणून उघडत नाही. वायर काढून मग बदला, लिहिलेली बाजू वर, आणि त्यानंतर बायोसमधे तारीख भरून सेव्ह करायला विसरू नका.