बुटाची ठेवण

प्रश्न नाशिकच्याच एका ताईंचा आहे. त्यांच्या भाच्याने कॉलेज रोडवर बुटांचे दुकान काढले आणि माहितीपत्रकाचे मराठी करण्याचे काम ताईंच्या गळ्यात पडले. इंग्रजीत ‘आयकॉनिक सिल्हूट’ आणि ‘रिच हेरिटेज’ असे होते. मोबाइलने त्याचे ‘प्रतिष्ठित छायाकृती आणि समृद्ध वारसा लाभलेला स्नीकर’ करून दिले. ताई विचारतात, यात चूक दाखवता येत नाही, पण वाचवतही नाही, बिघडलेय कुठे?

‘प्रतिष्ठित’ आधी काढून टाका. प्रतिष्ठित नागरिक असतात. बुटाला काही शांतता समितीवर नेमायचे नाही.

खरी गंमत सिल्हूटची. हे मुळात एका माणसाचे आडनाव. एत्येन द सिल्हूट हा १७५९ साली फ्रान्सचा अर्थमंत्री होता, काटकसरीपायी लोकांच्या रोषाला पात्र झालेला. काळ्या कागदातून कापलेल्या स्वस्त चित्रांना पुढे त्याचे नाव चिकटले. त्या चित्रांना छायाकृती म्हणावे, हरकत नाही. पण बूटवाले सिल्हूट म्हणतात तेव्हा सावली कोणाच्या मनातही नसते. रंग बदलला, कातड्याऐवजी कापड आले, नाड्या बदलल्या, तरी लांबून ‘हा तोच’ असे ज्यावरून कळते, ते त्यांना म्हणायचे असते.

मराठीत याला शब्दांचा तोटा नाही. ‘आकार’ फार मोघम. ‘घडण’ सराफ बाजारातली. तिच्यात कारागिराचा हात दिसतो, पण ती वस्तू कोणासारखी आहे हे कळत नाही. ‘घाट’ मला बराच वेळ मोहात पाडत होता. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे हे गाव. तांब्याचा घाट, घाटदार कळशी हे आपल्या कानावरचे. पण नाशिकमध्ये ‘बुटाचा घाट’ म्हटले की माणूस आधी गोदावरीकडे बघणार, आणि घाटावर बूट काढून ठेवायचे असतात!

माझे मत ‘ठेवण’ या शब्दाला. चेहऱ्याची ठेवण, नाकाची ठेवण. या शब्दाची खुबी अशी की तो सहसा एकटा येत नाही. ‘नाकाची ठेवण अगदी आजीची आहे हो’ असे आपण बारशाला म्हणतो. म्हणजे आकार सांगता सांगता घराणेही सांगून होते. सिल्हूट या शब्दाला बूटवाले जे ओझे वाहायला लावतात, ते आपली ठेवण आधीपासूनच वाहते आहे.

शालिमारला बूट शिवून घ्यायला बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. दुरुस्तीवाल्या काकांपुढे दोन पांढरे बूट होते, एक अस्सल आणि एक नक्कल. खूण दोन्हींवर तीच. काकांनी खुणेकडे पाहिलेच नाही. बूट आडवा धरून म्हणाले, ‘याचं नाक बघा, बसकं आहे. त्याचं उभट. टाच पण मागे कललीय.’ नाक, टाच, जीभ, तळवा: बुटाचे अवयव आपण माणसाचेच ठेवले आहेत, मग ठेवण का नको?

ठेवण आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा तर कोर्टात निकाल लागलेला आहे. नायकी स्वतःच्या नावाने उभी राहण्याआधी जपानच्या ओनित्सुका कंपनीचे टायगर बूट अमेरिकेत विकत असे. दोघांचे फाटले तेव्हा एका धावण्याच्या बुटावरून भांडण झाले. शेवटी ‘कॉर्तेझ’ हे नाव नायकीकडे राहिले, पण तो बूट विकण्याची मुभा दोघांनाही मिळाली. ओनित्सुकाने आपल्या बुटाचे नाव ‘कॉर्सेअर’ केले. दोन आडनावांची जुळी भावंडे!

आता वारसा. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, वारसाच्या घरातला शब्द. त्याच्यामागे कोणीतरी गेलेले असते आणि कोणीतरी सातबाऱ्यावर चढलेले असते. बुटांच्या कंपन्यांचे तसे नाही. आदिदासचे तीन पट्टे फिनलंडच्या कारहू कंपनीकडून विकत घेतलेले. व्यवहारात व्हिस्कीच्या दोन बाटल्याही होत्या असे सांगतात. कॉन्व्हर्सच्या घोट्यावरचा तारा अजून तिथेच आहे, पण कंपनी २००३ पासून नायकीच्या मालकीची. याला वारसाहक्क कसे म्हणायचे, हे तर खरेदीखत झाले. आणि नायकीची ती प्रसिद्ध खूण कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ मध्ये काढली, ३५ डॉलरच्या बिलावर. तिकडे त्या खुणेत नायकी या ग्रीक विजयदेवतेचा पंख बघतात. आपल्याकडे ती तपासलेल्या वहीतली बरोबरची खूण आहे, आणि मला आपला अर्थ जास्त आवडतो.

पट्ट्यांचे आणखी एक. ते आधी शोभेचे नव्हतेच. बुटाच्या कुशीला कातड्याच्या पट्ट्या शिवल्या की बूट ताणून फाकत नसे. काम संपले, खूण उरली. येवल्याच्या पैठणीचा नारळी काठ बघूनही बायका न विचारता पैठणी ओळखतात, ते याच जातीचे वाचन.

म्हणून हेरिटेजसाठी ‘ठेवा’ वापरा. कोणीतरी जपून ठेवलेले ते ठेवा. कोणी कोणाला दिले, किती पैसे मोजले, याची त्यात चौकशी नाही. आणि बघा, ठेवण आणि ठेवा दोन्ही ‘ठेवणे’ या एकाच क्रियापदाच्या पोटचे. इंग्रजीला जे सांगायला फ्रेंच मंत्र्यापर्यंत जावे लागले, ते आपल्याला घरातल्या फडताळात सापडते. खोक्यातून न काढता बूट जमवणारी पोरे आहेत ना, त्यांच्यासाठी तर ‘ठेवणीतले बूट’ हा तयार शब्द आहे, ठेवणीतल्या लुगड्यासारखा.

‘स्नीकर’ मात्र तसाच राहू द्या. रबरी तळव्यामुळे आवाज न करता चोरपावलांनी चालता येते, म्हणून ते नाव. ‘चोरपावले’ लिहायचा मोह मलाही झाला होता, पण दुकानाच्या पत्रकात चोर नको.

ताई, मी असे लिहीन: ‘लांबून ओळखू येणारी ठेवण, पन्नास वर्षांचा ठेवा.’ वर्षे तेवढी बूट बघून भाच्याकडून खात्री करून घ्या.