विद्यार्थी गुहेत जायला तयार आहे का, कसं ओळखायचं?

भाऊ, आपल्या खान्देशात विहिरीत सूर मारून वाढलेली पोरं पाण्याला भीत नाहीत. पण पाण्याखालच्या गुहेत डोक्यावर दगड असतो, थेट वर येता येत नाही. तिथे धाडस बघू नकोस. प्रशिक्षक म्हणून सुरुवात करतोयस, तर आधी एवढंच तपास:

- हातात काम असताना तो एका जागी स्थिर राहतो का? मास्क काढून पुन्हा घालताना वर-खाली झाला किंवा पायाने गाळ उठवला, तर अजून वेळ आहे. गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही.
- दिवे बंद करून, बाहेरची वाट दाखवणाऱ्या दोरीभोवतीची बोटांची कडी न सोडता, जोडीदाराच्या हवेवर बाहेर येतो का? बुडबुड्यांचा आवाज ऐक, घाबरलेला लगेच कळतो.
- १/३ हवा संपली की न सांगता वळतो का?

नवे प्रशिक्षक नेहमी दोन ठिकाणी चुकतात. लॉगबुकातले, म्हणजे डुबक्यांच्या नोंदवहीतले, आकडे बघून भुलतात, आणि ‘सर, गुहेत उतरायला मेक्सिकोचं तिकीट काढलंय’ म्हटलं की विरघळतात. त्याला सरळ सांग, सराव करून पुन्हा ये. मनापासून शिकणारा येतोच. खोली, जास्तीच्या टाक्या हे सगळं नंतर.